कुंड्यांची खोली आणि ओला कागद

जलरंगाची पत्रं या सदराकडे नेहमीच येतात. या वेळच्या गठ्ठ्यात मात्र निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर निघाली: झाडांनी भरलेली घरातली खोली आणि तिचं अमूर्त चित्र. बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत.

प्रश्न : हॉलमध्ये वीसेक कुंड्या आहेत. मनीप्लँट, मॉन्स्टेरा, अरेका पाम, स्नेक प्लँट. या खोलीचं अमूर्त चित्र करायचंय. चार वेळा बसले, चारही वेळा कुंड्यांची यादी झाली. पानं गाळली तर नुसते हिरवे डाग उरतात. सुरुवात कुठून करायची? (सहकारनगर)

उत्तर : कुंडीकडे बघत बसलं की कागदावर कुंडीच उतरते. अशा खोलीत बघण्यासारखं असतं ते पानांच्या मधून येणारं ऊन आणि पानांच्या मधला काळोख. या फटींनाही आकार असतात, पण त्यांना नाव नसतं. 'हे मनीप्लँटचं पान' असं म्हणता येतं, फटीला काय म्हणणार? म्हणून यादी टाळायची तर फटींपासून सुरुवात करा, पानं आपोआप उरतील.

सकाळी खिडकी झाडांच्या मागे येईल अशा जागी बसा. पानांच्या शिरा दिसेनाशा होतील इतके डोळे किलकिले करा. वहीत ६ बाय ८ सेंटिमीटरच्या सहा चौकटी आखा आणि ४बी पेन्सिलीने प्रत्येकीला पाच मिनिटं द्या. रेघ ओढायची नाही, फक्त तीन टोन भरायचे: कोरा कागद, करडा आणि काळा. सहापैकी चार चौकटी वाया जाणार हे धरूनच चाला. जिच्यात साधारण निम्मी जागा फिकी, तिसरा हिस्सा मधल्या टोनचा आणि उरलेला थोडासा भाग गडद आहे, ती मोठी केल्यावर बहुतेक वेळा टिकते. तिन्ही टोन सारखे वाटलेली चौकट मोठी केली की गोधडी होते.

आता झाडांची चाल निवडा. मनीप्लँट लोंबतो, स्नेक प्लँट ताठ उभा राहतो, अरेका बारीक बारीक समांतर पट्ट्यांनी उलगडतो, मॉन्स्टेरा म्हणजे भोकं पडलेलं रुंद ताट. एका चित्रात दोनच चाली ठेवा: एक मुख्य, दुसरी तिला छेद देणारी. लोंबत्या कमानी आणि त्यांना अडवणारे दोन-तीन उभे पट्टे एवढ्यावर पाव शीट आरामात पेलतं. चारही चाली घेतल्या की पुन्हा यादी सुरू. खिडकीचं ग्रिल दिसत असेल तर ते वगळू नका, मोकळ्या पानांना ती चौकट छान आवरते. चित्रकार पॉल क्ले १९१४ मध्ये ट्युनिसियात गेला तेव्हा त्याने तिथल्या घरांचे आणि बागांचे रंगीत चौकोन करून जलरंग केले होते. ग्रिल घरचं आहे, युक्ती जुनी आहे.

रंगवायला ११ बाय १५ इंचांचा पाव शीट घ्या. दोन इंची चपट्या ब्रशने स्वच्छ पाणी लावा, एक मिनिट मुरू द्या, पुन्हा लावा. आरशासारखी चकाकी उतरून कागद रेशमी दिसायला लागला की पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पसरट थर, द्या: खिडकीच्या बाजूला फिका लेमन यलो, भिंतीच्या बाजूला पाण्यात विरलेला निळसर करडा. मुठीएवढी एक जागा मुळापासून कोरी राहिली पाहिजे. पाणी लावतानाच ती वगळा. बोर्डाच्या वरच्या कडेखाली दोन बोटं जाडीचं पुस्तक ठेवलं की उतार पुरतो.

हा वॉश पूर्ण सुकल्यावर मोजकेच तीन-चार पानांचे आकार पेन्सिलीने अगदी पुसट काढा आणि पानं सोडून त्यांच्या बाहेरची जागा एक टोन गडद रंगवा. रंगाची आतली कड पानाला घट्ट चिकटलेली हवी. बाहेरची कड मात्र स्वच्छ, ओलसर ब्रशने पाण्यात विरवून टाका. सुकलं की त्या गडद जागेत आणखी दोन पानं शोधा आणि त्यांच्याभोवती तिसरा टोन द्या. प्रत्येक थराचं क्षेत्र आधीच्यापेक्षा लहान, म्हणजे तिसरा थर कागदाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त पसरू नये. चौथ्या थरात फक्त दोन-तीन ठिकाणी, ६ नंबरच्या गोल ब्रशने, जवळजवळ काळा.

यात बिघडतं ते बहुतेक दुसऱ्या थरात. ओला रंग गडद दिसतो आणि सुकल्यावर बराच उतरतो, म्हणून हात आखडतो आणि थरांत फरकच उरत नाही. त्याच कागदाच्या तुकड्यावर आधी सुकवून बघा. ओला असताना 'जरा जास्तच झाला' वाटेल तेवढा रंग सुकल्यावर नेमका बसतो. दुसरी चूक म्हणजे सगळ्या फटी एकाच मापाच्या करणं. हाताला तीच सवय असते. एक फट तळहाताएवढी, एक नखाएवढी, असं मुद्दाम करावं लागतं.

'नुसते हिरवे डाग' या तक्रारीवर उपाय आहे. सगळ्या चित्रात एकच कड हुबेहूब ठेवा. मॉन्स्टेराच्या भोकाची कड घ्या, तिच्यातून येणाऱ्या उजेडासकट. डोळ्याला तेवढा एक पुरावा मिळाला की उरलेल्या डागांची पानं तो स्वतः करून घेतो. दुसरी हुबेहूब कड काढायचा मोह होईल. काढू नका.

प्रश्न : माझे हिरवे एक तर प्लॅस्टिकच्या बादलीसारखे दिसतात नाहीतर शेवाळासारखे मळकट. ट्यूबमधला सॅप ग्रीन वापरला तर सगळी झाडं एकाच रोपवाटिकेतली वाटतात. (औंध)

उत्तर : हे दोन वेगळे आजार आहेत. बादलीचा हिरवा म्हणजे थॅलो ग्रीन, ट्यूबवर पीजी ७ असा रंगद्रव्याचा क्रमांक लिहिलेला असतो. 'व्हिरिडियन ह्यू' नावाच्या ट्यूबमध्येही बहुधा हाच असतो. तो एकट्याने वापरायचा रंगच नाही. मसाल्यातल्या हिंगासारखा घाला. मळकटपणा येतो तो तीनाहून जास्त रंगद्रव्यं एकत्र झाल्यावर, किंवा अर्धवट सुकलेल्या थरावर ब्रश घासल्यावर. शालेय संचातल्या रंगांत भरणीची पांढरट पूड बरीच असते, त्यामुळे तीन थरांनंतर ते खडूसारखे दिसतात. आणखी एक, सगळ्यात स्वस्त उपाय: पाण्याची भांडी दोन ठेवा, एक ब्रश धुवायला, दुसरं फक्त स्वच्छ पाणी घ्यायला.

रंग मिसळण्याआधी मनीप्लँटचं एक पान खिडकीशी नीट बघा. ऊन मागून येत असेल तर पान आतून पेटल्यासारखं पिवळं-हिरवं दिसतं, कारण उजेड पानातून गाळून तुमच्याकडे येतो. तेच पान वळवून ऊन वरून पडू द्या. आता त्याच्या गुळगुळीत पाठीवर आभाळ उतरतं आणि तो भाग हिरवा न राहता निळसर करडा, कधी चक्क पांढरा दिसतो. पानाच्या खालच्या बाजूला, कुंडीच्या जवळ, तांबूस झाक येते. एकाच पानात तीन रंग, आणि त्यांतला एकच धड हिरवा. सगळे हिरवे सारखे दिसण्याचं कारण हेच: उरलेले दोन रंगवलेच जात नाहीत.

उन्हातल्या पानासाठी आठ भाग लेमन यलो आणि एक भाग थॅलो ग्रीन पुरे. पिवळा वाटाण्याएवढा घेतला तर हिरवा मोहरीएवढा. निकेल अझो यलो, म्हणजे पीवाय १५०, मिळाला तर लेमनऐवजी तोच घ्या. तो पारदर्शक असतो आणि थरावर थर दिला तरी चमक मरत नाही. पाठीवरच्या आभाळासाठी भरपूर पाण्यात अल्ट्रामरीन आणि सुईच्या टोकाएवढा बर्न्ट सिएना. मधला शांत हिरवा अल्ट्रामरीन आणि गॅम्बोज ह्यू यांचा. त्याला ऑलिव्हची झाक येते आणि तो मागच्या झाडांना फार शोभतो. रबर प्लँटची ती काळपट तपकिरी-हिरवी पानं मात्र काळ्या ट्यूबने मारू नका. थॅलो ग्रीनमध्ये किनॅक्रिडोन रोझ, पीव्ही १९, थोडा थोडा घालत जा. एका टप्प्यावर दोघं एकमेकांना विझवतात आणि खोल, जिवंत काळा मिळतो. याच कामाला अलिझरीन क्रिमसनही चालतो, पण ट्यूबवर पीआर ८३ असेल तर टाळा. उजेडात तो उडतो, आणि काही वर्षांनी तुमचे काळे हिरवट होतात.

मातीच्या कुंडीला बर्न्ट सिएना जवळजवळ जसाच्या तसा. हिरव्याशेजारी तांबूस ठेवला की दोन्ही उठतात, म्हणून तो जपून, दोन-तीन ठिकाणीच. चित्रात कुंडीचा आकार नसला तरी चालेल. तिचा रंग असला की पुरे.

प्रश्न : पावसाळ्यात वॉश दिला की फुलकोबी उठते. उन्हाळ्यात असं होत नव्हतं. शिवाय जुन्या कागदावर बारीक गडद ठिपके पडतात, जणू टीपकागदच. (कोथरूड)

उत्तर : फुलकोबी होते ती कागद आणि ब्रश यांच्या ओलाव्यात तफावत असल्यामुळे. वॉश अर्धा सुकत आलेला असताना त्याहून ओला ब्रश टेकला, की ते पाणी आधीचा रंग ढकलत बाहेर जातं आणि जिथे थांबतं तिथे दातेरी कड ठेवतं. एप्रिल-मेमध्ये पंख्याखाली पुण्याची हवा इतकी कोरडी असते की ही धोक्याची वेळ दोन-चार मिनिटांत निघून जाते. जुलै-ऑगस्टमध्ये तोच वॉश अर्धा तास दमट राहतो. तुम्ही मात्र उन्हाळ्याच्याच घड्याळाने काम करता.

नियम सोपा आहे, पाळणं कठीण. कागद चकाकत असेल तेव्हा काहीही घाला. चकाकी गेल्यावर कागदापेक्षा कोरडा आणि जास्त रंग असलेला ब्रशच चालतो. त्यानंतर हात लावायचा नाही. सुकलं की नाही हे डोळ्याने ठरवू नका, बोटांची पाठ कागदाला टेकवून बघा. गार लागला तर आत पाणी आहे. ड्रायर वापरायचा तर चकाकी गेल्यावरच आणि हातभर अंतरावरून. नाहीतर हवा साचलेला रंग ढकलते आणि तिथेच नवी कड बसते. अमूर्त चित्रात एखादी फुलकोबी पानासारखी शोभते हे खरं, पण ती आपण ठरवून आणलेली असावी.

ठिपक्यांचं कारण वेगळं. जलरंगाच्या कागदाला जिलेटिनची किंवा तत्सम खळ दिलेली असते, म्हणून पाणी वर थांबतं. दमट हवेत पडून राहिलेल्या कागदाची खळ जागोजाग मरते आणि तिथे रंग थेट तंतूंत घुसतो. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवून बघा. मणी होऊन बसला तर कागद ठीक. लगेच मुरून गडद डाग पडला तर तो कागद सरावाला किंवा कोरड्या ब्रशच्या कामाला ठेवा. गेलेली खळ घरी परत आणायच्या फंदात पडू नका. नवा कागद जूनच्या आधीच झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसकट, आडवा ठेवा. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको.

प्रश्न : टेप लावूनही कागद फुगतो आणि डबकी साचतात. शेवटी टेप काढताना कागदाचा पापुद्रा निघतो. (पिंपळे सौदागर)

उत्तर : कागद किती जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम वजनाचा, ते तुम्ही लिहिलेलं नाही. २०० जीएसएम असेल तर तो फुगणारच. वर सांगितलेल्या ओल्या कामाला किमान ३०० जीएसएम, शंभर टक्के कॉटन, कोल्ड प्रेस (किंचित खरबरीत पोताचा) हवा. अप्पा बळवंत चौकात मागताना हे तिन्ही शब्द उच्चारा, नुसतं 'वॉटरकलर पेपर' म्हटलं की लाकडाच्या लगद्याचं पॅड हातात पडतं. त्या कागदावर पहिला वॉश छान दिसतो, पण दुसऱ्या थराला खालचा रंग उठून येतो.

३०० जीएसएमही पुरता भिजवला की थोडा फुगतो. त्याला ताणून घ्या. शीट पाच ते दहा मिनिटं पाण्यात बुडवा, उचलून निथळवा, प्लायच्या बोर्डावर पसरवा आणि डिंकाच्या तपकिरी कागदी टेपने चारही बाजू चिकटवा. टेप निम्मी कागदावर, निम्मी बोर्डावर. रात्रभर आडवं सुकू द्या. उभं ठेवलं तर पाणी खाली उतरतं आणि एक बाजू आधी सुकून टेप उचकटते. मास्किंग टेप या कामाची नाही, ओल्या कागदाला ती धरतच नाही. कोरड्या कागदाला मास्किंग टेप लावली असेल तर काढताना चित्र पूर्ण सुकलेलं हवं. ड्रायरने टेप कोमट करा आणि चित्राच्या बाहेरच्या दिशेने, जवळजवळ कागदाला टेकवून, सावकाश ओढा. सरळ वर ओढली की पापुद्रा येणारच.

मास्किंग फ्लुइडचाही, म्हणजे कोरी ठेवायची जागा झाकणाऱ्या रबरी द्रवाचाही, असाच त्रास होतो. ते लावलेल्या कागदावर ड्रायर मारू नका आणि एक-दोन दिवसांत काढून टाका, नाहीतर रबर कागदात बसतं. फ्लुइड लावायचा ब्रश आधी साबणात बुडवा. खरं तर फटींच्या चित्रात फ्लुइडची गरज क्वचितच लागते. कोरी जागा हाताने राखलेली जास्त मोकळी दिसते.

प्रश्न : वॉशवर मीठ टाकून पानांचा पोत आणता येतो का? (शुक्रवार पेठ)

उत्तर : येतो. चकाकी जाता जाता खडे मिठाचे मोजके दाणे टाका, सुकू द्या, मग झटका. पावसाळ्यात मीठ स्वतःच ओलं असतं, म्हणून ते आधी तव्यावर कोरडं करून गार करून घ्या. थॅलोसारखे कागदात मुरणारे रंग मिठाला फारसे दाद देत नाहीत. एकही दाणा कागदावर राहू देऊ नका, तो हवेतली ओल ओढत राहतो. पण सगळ्या चित्रभर मीठ टाकलेलं बघितलं की चित्रापेक्षा मीठच आधी दिसतं.

प्रश्न : सोसायटीत टँकरचं पाणी येतं. हल्ली वॉशमध्ये रवाळ दाणे दिसतात. पाण्याचा दोष का? (धायरी)

उत्तर : असू शकतो. जड पाण्यातल्या क्षारांनी रंगाचे कण गोळा होतात. आधी रंग तपासा: अल्ट्रामरीन, कोबाल्ट, सेरुलियन हे मुळातच रवाळ. एकाच रंगाचे दोन पट्टे मारा, एक टँकरच्या पाण्याने, एक आरओच्या. फरक दिसला तर रंगकामाला आरओचं पाणी वापरा, ब्रश धुवायला कुठलंही चालेल. भिंतीच्या भागात ते रवे चांगलेही दिसतात, जुन्या चुन्यासारखे.

प्रश्न : पूर्ण झालेलं चित्र घरात कुणाला कळत नाही. 'वरची बाजू कोणती?' असं विचारतात. नावात 'झाडांची खोली' असं लिहावं का? (कर्वेनगर)

उत्तर : हरकत नाही. तुमचं चित्र खोलीपासून निघालं आहे, ते लपवण्यासारखं काही नाही. चित्रकार वासुदेव गायतोंडे आपल्या चित्रांना अमूर्त म्हणण्याऐवजी 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणणं पसंत करत. वस्तूचा आधारच नसलेलं काम ते. तुमची जात वेगळी आहे. 'वरची बाजू' या प्रश्नाचा मात्र उपयोग करून घ्या. चित्र उलटं करून दहा पावलांवरून बघा. उलटं जास्त बरं दिसत असेल तर बहुधा सगळा गडद भाग खाली साचला आहे, आणि चित्र कुंडीसारखं जड झालं आहे. वरच्या तिसऱ्या हिश्शात एक गडद फट दिली की ते सुटतं. सही त्यानंतर.

प्रश्न : चित्र त्याच झाडांच्या खोलीत लावायचं आहे. भिंतीला पावसाळ्यात थोडी ओल येते. (बिबवेवाडी)

उत्तर : ओलीच्या भिंतीवर लावूच नका; दुसरी भिंत शोधा, आतली असेल तर उत्तम. झाडांवर फवारा मारता त्या टप्प्यापासूनही ते लांब हवं. खिडकीचं ऊन थेट पडत असेल तर वापरलेल्या रंगांची एक पट्टी करा, अर्धी काळ्या कागदाने झाका आणि तीन महिने त्याच उन्हात चिकटवून ठेवा. दोन अर्ध्यांत फरक दिसला की कोणता रंग उडतो ते कळेल, आणि चित्र कुठे लावायचं नाही तेही.

फ्रेमवाल्याला तीन गोष्टी बजावून सांगा. काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच; टेकली तर दमट हवेत रंग काचेला चिकटतो आणि बुरशीला जागा मिळते. माउंट आणि पाठीमागचा पुठ्ठा आम्लमुक्त हवा. हार्डबोर्ड थेट चित्राला लावला तर कागद पिवळा पडतो. आणि चित्र फेव्हिकॉलने किंवा सेलोटेपने चिकटवायचं नाही. वरच्या कडेला पातळ जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या, गव्हाच्या खळीने लावलेल्या, एवढ्यावर ते लटकलेलं राहू द्या. बाकी तिन्ही बाजू मोकळ्या, म्हणजे ओलीने कागद वाढला-आटला तरी सुरकुती पडत नाही. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवून घ्या. भिंत आणि फ्रेम यांच्यात बोटभर हवा खेळती राहते. गणपतीच्या सुमारास एकदा फ्रेम उतरवून मागची बाजू बघायची. पुठ्ठ्यावर राखाडी ठिपके दिसले तर त्याच दिवशी फ्रेम उघडा आणि चित्र सावलीत, पंख्याखाली आडवं ठेवा.